मुक्काम पोस्ट दुसरा मजला

आमच्या कचेरीच्या रजेच्या अर्जात सातव्या क्रमांकाला एक प्रश्न आहे. ‘मुख्यालय सोडणार आहात काय? होय / नाही. नको ते खोडावे.’ मुख्यालय म्हणजे नोकरीचं गाव. गेली बावीस वर्षं मी आवक-जावक विभागात आहे. म्हणजे कचेरीत येणारा आणि कचेरीतून जाणारा एकही कागद माझ्या वहीत नोंद झाल्याशिवाय जागचा हलत नाही. इतरांचे रजेचे अर्ज शेकड्यांनी माझ्या हाताखालून गेले आणि त्या सगळ्यांनी ‘नाही’ खोडलेलं होतं. कुणी डोंगरात चाललेलं, कुणी समुद्रावर. या वेळी स्वतःचा अर्ज भरताना माझ्याही हातून ‘नाही’ खोडलं गेलं. खोटं लिहायचा हेतू नव्हता. हात सवयीने गेला आणि थोडा स्वाभिमानही मध्ये आला, एवढंच. खाली आठव्या क्रमांकाला ‘रजेच्या काळातील पत्ता’ होता. तिथे मात्र मी प्रामाणिकपणे लिहिलं, आमचीच इमारत, दुसरा मजला.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो.

आता हे जरा समजावून सांगायला हवं, कारण कचेरीलाही ते शेवटपर्यंत समजलेलं नाही. माझी बायको एका मोठ्या रुग्णालयात चौकशीच्या खिडकीत बसते. चौदा वर्षं रोज सात तास लोक तिला विचारतात. एक्स-रे कुठे, लिफ्ट कुठे, आमचा पेशंट कुठे, तुमचे मोठे डॉक्टर कुठे. घरी आली की आम्ही विचारतो. मुलीचे मोजे, माझे पेन, अप्पांची दुपारची गोळी. अप्पा म्हणजे माझे वडील. वय एक्क्याऐंशी, प्रकृती ठणठणीत, आणि ‘सूनबाई, आज वार कोणता?’ इथून त्यांचा दिवस सुरू होतो. समोर भिंतीवर कॅलेंडर असतं. पण कॅलेंडर आपणहून बोलत नाही, ही अप्पांची त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे.

एका रविवारी जेवताना अप्पांनी विचारलं, “सूनबाई, मीठ कुठं आहे?”

ती शांतपणे म्हणाली, “आधी केसपेपर काढा. मग सरळ जाऊन डावीकडे, लिफ्टच्या शेजारी.”

आम्ही तिघंही हसलो. मुलगी तर ठसका लागेपर्यंत हसली. बायको मात्र हसली नाही. तिने हातातला चमचा ताटात ठेवला, आमच्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी.

“मला कुठं जायचं नाहीये,” ती म्हणाली. “डोंगर नको, समुद्र नको. थोडे दिवस मला कुणी काही विचारायला नको. बस.”

मी मनापासून घाबरलो. बाईमाणूस चिडलं तर मला काय करायचं ते ठाऊक आहे, गप्प बसायचं. पण ही चिडलेलीच नव्हती. ती संपत आली होती, आणि ते मला चौदा वर्षांत दिसलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी एकवीस दिवसांची रजा टाकायचं ठरवलं. तिच्या नावावरही रजेचा ढीग पडून होता, मुलीच्या शाळेला सुट्टी होती, आणि अप्पा तर गेली तेवीस वर्षं सुट्टीवरच आहेत.

बातमी इमारतीत पसरायला अर्धा दिवस लागला. समोरच्या काकूंनी एक शिबिर सुचवलं, तिथे म्हणे दहा दिवस कुणी बोलतच नाही, फक्त पहाटे चारला उठून दगडावर बसायचं. मग त्यांनी हिच्याचजवळ बसून तासभर विचारलं की प्रश्नांचा त्रास तिला नेमका कधीपासून होतोय, कसे प्रश्न आले की जास्त होतो आणि पोट साफ होतं का. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “वहिनींना छंद लावा.” कुठला छंद आवडेल, हे त्यांनी वहिनींनाच विचारलं.

खरा सल्ला दिला तो वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या सरांनी. ते निवृत्त आहेत, एकटे आहेत, आणि महिनाभर लेकीकडे राहायला निघाले होते. गॅलरीतल्या एक्केचाळीस कुंड्यांना पाणी कोण घालणार, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

“घरात बसून सुट्टी होत नाही,” सर म्हणाले. “तुमच्या घरात कुठं काय आहे हे सगळं त्यांना ठाऊक. म्हणून तुम्ही त्यांना विचारता. माझ्या घरातलं त्यांना काहीच ठाऊक नाही. मग विचारणार काय?”

चाळीस वर्षं मुलांना नकाशे वाचायला शिकवलेला माणूस. त्याचं म्हणणं मला एकदम पटलं. मी हिला सांगितलं. ती जिन्याकडे बघून म्हणाली, “सामान थोडं घे.”

पण दुसऱ्याच्या घरात पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर आमच्या सोसायटीचा छापील फॉर्म आहे. त्यावर खालच्या सदनिकाधारकाचं ‘हरकत नाही’ लागतं. सरांच्या बरोब्बर खालचा सदनिकाधारक म्हणजे मी. मी सेक्रेटरींना म्हटलं, हे जाऊ द्या ना. ते म्हणाले, “साहेब, तुमच्यासारख्या कचेरीतल्या माणसानं असं म्हणावं?” हे मला लागलं. मी मुकाट्याने कागद घेतला आणि लिहून दिलं की मी सदनिका क्रमांक चारचा धारक, मी सदनिका क्रमांक आठमध्ये राहण्यास माझी हरकत नाही. त्यांनी अर्जावरची सही आणि ना-हरकतीवरची सही शेजारी शेजारी धरून बघितली.

“जुळत नाही,” ते म्हणाले.

एक मी उभ्याने केली होती. दोन्ही पुन्हा बसून केल्या.

एका शनिवारी सकाळी आम्ही निघालो. चार पिशव्या, अप्पांची उशी, अठरा पायऱ्या. काकूंनी दारात उभं राहून ‘पोचल्यावर कळवा’ म्हटलं. त्या थट्टा करत होत्या की नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

पहिले दोन दिवस सरांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. साखर सापडेना, तेव्हा आम्ही तिघं हिच्याकडे वळलो, आणि वळल्यावर लक्षात आलं की तिलाही ठाऊक नाही. मग आपापली कपाटं उघडली. सरांनी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, पण त्या त्यांच्या पद्धतीने. साखर ‘हिमप्रदेश’ या डब्यात निघाली. ही गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसली आणि समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही तिथेच बसली. पुस्तक नाही, फोन नाही, काही नाही. मी चहा नेऊन देत होतो आणि काही न बोलता परत येत होतो. आपल्या घरातला माणूस इतका दमला होता हे बघून मीही दमलो. आमची सुट्टी अशी अंग टाकून पडली होती, आणि पहिल्यांदाच वाटलं की जमतंय.

तिसऱ्या दिवशी आतेभावाचा फोन आला.

“ऐकलं की तुम्ही बाहेर गेलायत,” तो म्हणाला. “मग घर रिकामंच आहे ना? आम्हीही म्हणतोय आठ-दहा दिवस हवापालट करावा.”

इथे ‘नाही’ म्हणायला हवं होतं. ज्या माणसाने अर्जावरचं ‘नाही’ खोडलं, त्याच्या तोंडातून ते येईना. माझी भीड ही माझ्या संसारातली सगळ्यात महाग वस्तू आहे. मी म्हटलं, “या की, घर तुमचंच आहे.” फोन ठेवून गॅलरीकडे बघायचं धाडस झालं नाही.

आतेभाऊ, त्याची बायको म्हणजे आमची वहिनी, आणि तिची आई असे तिघं आले. अर्ध्या तासात खालच्या गॅलरीतून वहिनीचा आवाज आला. “अहो, गाळणी कुठं ठेवलीय?” मग किल्ल्या कुठं, टॉवेल कुठं, गिझरचं बटण कुठलं, माळ्यावरची गादी कशी काढायची. आमची गॅलरी त्यांच्या गॅलरीच्या डोक्यावर, आणि आमच्या गॅलरीत वेताची खुर्ची. सरांचा सगळा सिद्धान्त मी एका फोनमध्ये मोडीत काढला होता. घरातलं सगळं ज्या बाईला ठाऊक, ती त्याच घराच्या बरोब्बर वर, हाकेच्या अंतरावर बसवून ठेवली होती.

पहिल्या हाकेला तिचे खांदे आखडले. दुसऱ्या हाकेला तिने तोंड उघडलं. मी धावत गेलो, कठड्यावरून वाकून खाली सांगितलं, “तिला विचारू नका. काय असेल ते मला विचारा.”

वहिनी वर बघत म्हणाली, “बरं. गाळणी कुठाय?”

मला ठाऊक नव्हतं.

मी सवयीने वही काढली. आवक क्रमांक एक, गाळणी. आवक क्रमांक दोन, जुळणाऱ्या झाकणाचा डबा. जावक काही नव्हतं, कारण एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग मी खाली जायचो, स्वतःच्याच घराची बेल वाजवायचो, आतेभाऊ ‘या, या, बसा’ म्हणायचा आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात चोरासारखी कपाटं उघडायचो. गाळणी शोधायला वीस मिनिटं लागली. ती समोर खिळ्याला टांगलेली होती. अठरा पायऱ्या खाली, अठरा वर, दिवसातून बारा-पंधरा खेपा. पाचव्या दिवशी माझा डावा गुडघा बोलायला लागला. अप्पा एका दुपारी सवयीने खाली गेले, आपल्या पलंगावर झोपलेल्या आतेभावाला सरकायला लावून त्याच्या शेजारी झोपले आणि उठल्यावर वहिनीला विचारलं, आज वार कोणता.

सहाव्या दिवशी कचेरीतला शिपाई पत्र घेऊन दारात उभा. ‘अर्जदार मुख्यालय सोडत असल्याचे नमूद आहे. तथापि दर्शविलेला पत्ता मुख्यालयातीलच असल्याचे दिसून येते. तीन दिवसांत खुलासा करावा.’ मला पत्रातल्या मजकुरापेक्षा वरचा जावक क्रमांक जास्त खुपला. माझ्या जागी बसवलेल्या माणसाने आदल्या दिवशीचाच क्रमांक पुन्हा टाकला होता. मी पेन्सिलीने दुरुस्त केला. शिपाई जायला निघाला आणि वळून म्हणाला, “हां, मोठ्या साहेबांनी विचारलंय, जुन्या पुलाची फाईल सापडत नाहीये.”

“तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा, पिवळी फीत,” मी म्हणालो. “त्यात नसेल तर भिंतीकडच्या रॅकवर निळ्या गठ्ठ्यात, वरून चौथी. कोपरा उंदरानं खाल्लाय.”

शिपाई गेला. मी दार लावून वळलो, तर हिने खुर्ची घराच्या बाजूला फिरवली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. सहा दिवसांत तिने फारसं तोंड उघडलं नव्हतं.

“तुला तिथलं सगळं ठाऊक असतं,” ती म्हणाली.

एवढंच. आवाजात राग नव्हता. नजर खाली गेली ती वर यायला तयार नव्हती, आणि तशीच लाज घेऊन मी पायात चपला घातल्या.

त्या दुपारी मी मुलीला बरोबर घेतलं आणि खाली गेलो. वहिनीला म्हटलं, “तुम्ही बसा, आम्ही आपलं जरा बघतो.” चार तास आम्ही आमचंच घर कपाटागणिक लिहून काढलं. मुलगी सांगत होती, मी नोंदत होतो. सुई-दोरा कुठल्या डब्यात, अप्पांच्या गोळ्या कुठल्या पाकिटात, लाईटची बिलं कुठल्या फायलीत. उन्हाळ्यातल्या चादरी एका बाजूला, थंडीतल्या एका बाजूला, कोपऱ्याला कोपरा जुळवून. माझ्या शर्टांची तुटलेली बटणं एका बाटलीत साठवलेली, रंगांप्रमाणे. एका बाईने हे सगळं डोक्यात घेऊन रोज दोन बस बदलून कामाला जायचं आणि आम्ही तिला वार विचारायचा. मुलगी खालच्या मानेने म्हणाली, “बाबा, माझे मोजे गेली सात वर्षं याच खणात आहेत.” मी ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून खालून हाक आली की मी वरूनच उत्तर द्यायला लागलो. कप्पा, खण, डावं-उजवं. वहिनी थक्क झाली. गॅलरीतल्या खुर्चीतले खांदे हळूहळू खाली आले. अकराव्या दिवशी हिने आपणहून एका कुंडीतलं वाळकं पान काढलं. बाराव्या दिवशी ती दुपारी तीन तास झोपली. मला वाटलं, आता निभलं.

इथे कुंड्यांकडे वळायला हवं. सरांनी पाणी घालायचं काम मला सांगितलं होतं. मी रोज सकाळी घालत होतो. मुलगी दुपारी घालत होती, कारण तिला वाटायचं बाबा विसरले. आणि अप्पा संध्याकाळी रबरी नळी लावून घालत होते, कारण त्यांना आमच्या दोघांवरही भरवसा नव्हता. चौदाव्या दिवशी अप्पांनी नळ सोडला, तो पुन्हा फिरवताना त्याची मूठच हातात आली, आणि ती मूठ खिशात घालून ते फिरायला निघून गेले.

आधी वहिनी किंचाळत वर आली, मागून आतेभाऊ. खालच्या झोपायच्या खोलीत छतातून धार लागली होती, थेट पलंगावर. आवाज ऐकून सेक्रेटरी आले, काकू आल्या. गॅलरीत घोट्याएवढं पाणी, ते आतल्या खोलीतही शिरलेलं. नळ थांबेना. “मेन कॉक बंद करा,” सेक्रेटरी म्हणाले. “कुठाय मेन कॉक?”

आणि पाचही जण, मी धरून, हिच्याकडे वळलो.

मी कबूल करतो, मीही वळलो. ती चहाचा कप हातात घेऊन, पाय वर घेऊन खुर्चीत बसली होती. खालचं घर आणि वरचं घर बिल्डरने एकाच नकाशावर बांधलेलं. खालचा कॉक जिला ठाऊक तिला वरचाही ठाऊक. तिच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसत होतं. तिचे ओठ हललेसुद्धा. खाली भिजत होती ती तिचीच गादी, तिच्याच चादरी, कोपऱ्याला कोपरा जुळवलेल्या.

“तिला नका विचारू,” मी म्हणालो.

“अहो पण पाणी…” काकू म्हणाल्या.

“जाऊ दे पाणी. मला विचारा.”

“बरं, कुठाय?” सेक्रेटरींनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. वहीत कॉक नव्हता, वहीत फक्त कपाटं होती. मी बाथरूम बघितलं, मोरी बघितली, माळ्यावर चढलो, गुडघा धरून उतरलो. सगळी मंडळी माझ्या मागे रांगेने फिरत होती. शेवटी ओट्याखाली, कचऱ्याच्या डब्यामागे, गुडघ्यांवर रांगत गेल्यावर तो लाल कॉक हाताला लागला. अकरा मिनिटं गेली होती. गॅलरीत आलो तर ही चहाचा शेवटचा घोट घेत होती. अकरा मिनिटं तिने आपलं घर भिजू दिलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती हसली. पोटातून, खांदे हलेपर्यंत हसली. तो आवाज मी विसरलो होतो.

पुढचं सगळं रीतसर झालं. गळतीची तक्रार खालच्या सदनिकाधारकाने वरच्या रहिवाशाविरुद्ध द्यायची असते. ती मी माझ्याविरुद्ध दिली, सेक्रेटरींनी मला समज दिली, आणि मी माझी लेखी माफी मागून ती मलाच पोच केली. आतेभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी रुसून गेला. पाहुण्यांना गळक्या घरात ठेवतात, असं तो पुढे सगळ्या नातेवाइकांत सांगत राहिला, आणि त्यातून आम्हाला मिळालेली शांतता मोठी होती. कचेरीला मी खुलासा पाठवला की अर्जदार राहता मजला सोडून गेला होता. त्यावर ‘स्वतंत्रपणे चर्चा करावी’ असा शेरा पडला आहे. म्हणजे निवृत्तीपर्यंत काळजी नाही.

एकविसाव्या दिवशी आम्ही अठरा पायऱ्या उतरून परत आलो. छताला मोठा पिवळा डाग, गादी गच्चीवर वाळत घातलेली, चौघंही थकलेले. सुट्टीवरून परत आलेली माणसं ताजीतवानी दिसतात म्हणे. आम्ही दिसत नव्हतो. दुसऱ्या दिवशी तिची खिडकी उघडणार होती आणि माझी वही. तिथले प्रश्न मी थांबवू शकत नाही, हे मला कळत होतं आणि फार वाईट वाटत होतं.

संध्याकाळी ती पिशवीतले कपडे काढत होती. काढता काढता थांबली.

“माझा चष्मा कुठाय?” तिने विचारलं.

“फ्रिजवर, रेडिओच्या मागे. निळ्या पाकिटात,” मी म्हणालो. आतल्या खोलीतून मुलगी त्याच वेळी तेच म्हणाली. अप्पा उठून आणायला निघालेसुद्धा.

“आणू नका,” ती म्हणाली. “कुठाय ते माहितेय मला. नुसतं विचारून कसं वाटतं ते बघत होते.”

आणि ती कपड्यांच्या ढिगाशेजारी पलंगावर बसली, हात मांडीवर ठेवून.

कसं वाटलं, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या.